बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलात? मग हे करायला घ्या

हा लेख आहे यंदा कला शाखेत प्रवेश घेतलेल्यांसाठी. त्यातही जे तालुक्याच्या गावातून पुण्यासारख्या शहरात आलेत, ज्यांच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांच्यासाठी. मी कला शाखेत शिकवते. दरवर्षी पाहते की मुलांना मदतीची गरज असते, आणि मदत त्याच इमारतीत दोन मजले खाली असते, पण दोघांची गाठ पडत नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, कामाच्या बदल्यात मानधन, संशोधन स्पर्धा, समुपदेशन, तक्रार समिती हे सगळं महाविद्यालयात असतं. फक्त ते वर्गात येऊन कुणी तुमच्या हातात ठेवत नाही. विचारावं लागतं, अर्ज करावा लागतो आणि तारीख पाळावी लागते.

उदाहरणं पुण्याची जास्त आहेत, कारण मला ती माहीत आहेत. पण राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठाला जोडलेल्या कला महाविद्यालयात बहुतेक गोष्टी अशाच असतात.

पहिली पायरी: कागद आणि बँक खातं

प्रवेश झाला की लगेच एक फाइल करा. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं गॅप प्रमाणपत्र. जे नसेल त्यासाठी गावाकडच्या सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर आजच अर्ज टाका. गणपतीला घरी जाल तेव्हा बघू, असं म्हणू नका. तोवर फॉर्म सुरू झालेले असतात आणि सेतूबाहेर रांग लागलेली असते.

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचे असतात. इथे बहुतेकांची गाडी अडते ती बँक खात्यावर. खात्याला आधार क्रमांक ‘दिलेला’ असणं वेगळं आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं. तुमची दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात, मग ते खातं वर्षभर वापरलेलं नसलं तरी. म्हणून बँकेत जा आणि थेट विचारा, “या खात्याला डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का?” होकार मिळाला की मगच अर्ज भरा.

अर्ज सबमिट केला म्हणजे काम झालं असंही नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो आणि तिथला क्लार्क तो तपासतो. एखादा दाखला अस्पष्ट असेल तर अर्ज परत येतो, आणि तो परत आलाय हे तुम्ही पोर्टल उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दर आठवड्याला एकदा स्थिती बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पुढे आपोआप मिळत राहते, या समजुतीत दरवर्षी काही मुलांची शिष्यवृत्ती बुडते.

योजना कुठल्या? अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी वेगळ्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना वाटतं की आपल्यासाठी काहीच नाही. त्यांनी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आवर्जून पाहावी. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. आपला अभ्यासक्रम आणि तुकडी, म्हणजे अनुदानित की विनाअनुदानित, त्यात बसते का, हे ऑफिसच्या खिडकीवर विचारून घ्या.

याच आठवड्यात डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढून ठेवा. हा बारा अंकी क्रमांक आहे. तुम्ही मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, याच क्रमांकाच्या खात्यात जमा होतात. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा. तिसऱ्या वर्षी ही दुरुस्ती करायला गेलं की परीक्षेच्या फॉर्मपासून सगळं अडतं.

राहणं, जेवणं आणि हातखर्च

महाविद्यालयाच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून अनेक जण थेट कॉट बेसिसवर खोली घेतात. त्याआधी तीन दारं ठोठावा.

पहिलं दार समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहांचं. तिथेही प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाहासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम खात्यात जमा होते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, आणि इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

दुसरं दार संस्थांचं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गरजू ग्रामीण मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करते. डॉ. अच्युतराव आपट्यांनी ती उभी केली. अर्ज, मुलाखत, घरची परिस्थिती हे सगळं पाहून प्रवेश देतात, म्हणून निकाल लागताच चौकशी करायला हवी.

तिसरं दार ‘कमवा व शिका’चं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुलं श्रम करून शिकली. आज पुणे विद्यापीठातही ही योजना त्यांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात नोंदी करणं, बागकाम अशी दिवसाची दोन-तीन तासांची कामं असतात, तासावर मानधन मिळतं. विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत ते विचारा आणि पहिल्याच नोटिशीला अर्ज द्या, जागा मोजक्या असतात. मी मुलांना ग्रंथालयातलं काम मागायला सांगते. रॅकवर कुठे काय आहे हे वर्षभर हाताखालून गेलं की पुढचा अभ्यास फार सोपा होतो.

काम करताना लाज वाटते, असं काही मुली माझ्याकडे येऊन सांगतात. त्यांना मी एवढंच सांगते की या मानधनातून परीक्षेची फी आणि एस.टी.चा पास निघाला, तर घरी फोन करून पैसे मागण्याची वेळ येत नाही. ते सुख पहिल्या वर्षीच अनुभवा.

विषय निवडताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. माहितीपत्रकातल्या संक्षेपांनी पहिल्यांदा डोकं गरगरतं, म्हणून आधी त्यांची ओळख करून घ्या. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुसरा. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला खुला विषय. व्हीएससी आणि एसईसी ही कौशल्यांची, एईसी भाषेची, व्हीईसी मूल्यशिक्षणाची आणि आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेची. याशिवाय क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणजे ओजेटी, आणि एनएसएस-क्रीडा-कला असे सहअभ्यासक्रम. वर्गातल्या एका श्रेयांकासाठी साधारण १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची १६० ते १७६ श्रेयांकांची.

अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षाला त्यातून मेजर आणि मायनर ठरवतात. म्हणजे पहिलं वर्ष हे विषय चाखून पाहण्याचं वर्ष आहे. ते ‘सोपे’ विषय गोळा करण्यात घालवू नका. मैत्रीण घेते म्हणून किंवा अमुक सर मार्क सढळ देतात म्हणून घेतलेला विषय पुढे दोन वर्षं छळतो.

माझं मत असं की मेजर आवडीचा घ्यावा आणि मायनर हाताला काम देणारा. भूगोल मेजर असेल तर अर्थशास्त्र मायनर घ्या, आणि नकाशांचं संगणकीय काम शिकवणारा कौशल्यविषय सोडू नका. मराठी किंवा इंग्रजी मेजर असेल तर अनुवाद, मुद्रितशोधन किंवा माध्यमलेखनाचा कौशल्यविषय शोधा. मानसशास्त्राला सांख्यिकीची भीती बाळगून चालत नाही, ती पहिल्याच वर्षी मोडून काढा. इतिहासाच्या मुलांनी मोडी, म्हणजे पूर्वी मराठी जिच्यात लिहीत ती लिपी, शिकावी असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ती वाचणारे डोळे कमी. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. तिसऱ्या वर्षापर्यंत तुम्हाला सावकाश का होईना पण मोडी वाचता येत असेल, तर प्रकल्पाला विषय शोधत फिरावं लागणार नाही.

आपल्या महाविद्यालयात नसलेला विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरून शिकता येतो. श्रेयांक मोजले जातील का हे मात्र नोंदणीआधी विभागप्रमुखांना लेखी विचारा. शिकून झाल्यावर विचारलं तर उपयोग होत नाही.

शिक्षकांशी बोला, आणि नेमकं बोला

गावाकडून आलेली मुलं सगळ्यात जास्त इथे मागे राहतात. हुशारी कमी असते म्हणून नाही, स्टाफरूमच्या दाराशी पाय अडतात म्हणून. आमच्या बाजूने सांगते: वर्गात साठ-सत्तर चेहरे असतात, आणि तास संपल्यावर प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी लक्षात राहतो. प्रश्न चुकीचा असला तरी राहतो.

“सर, मार्गदर्शन करा” असं मोघम बोललात तर समोरच्याला काही सुचत नाही. एखादी नेमकी गोष्ट विचारा. लिहायचं असेल तर चार ओळी पुरतात:

“नमस्कार मॅडम, मी प्रथम वर्ष कला, अ तुकडीची विद्यार्थिनी. काल तुम्ही १८७६-७८ च्या दुष्काळाबद्दल शिकवलंत. माझं गाव करमाळा तालुक्यात आहे. तिथल्या त्या काळातल्या नोंदी कुठे वाचायला मिळतील? गुरुवारी दुपारच्या तासानंतर पाच मिनिटं भेटू का?”

असा निरोप आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. या मुलीला मी सोलापूरचं १८८४ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, काढून देईन, मग त्यातून तिला पुढचा प्रश्न सापडेल, आणि दोन वर्षांनी शिफारसपत्र लिहिताना माझ्याकडे तिच्याबद्दल सांगायला खरं काहीतरी असेल.

इंग्रजीबद्दल एक. बी.ए.चे बरेच विषय मराठीतून लिहिता येतात, त्याचा संकोच नको. पण वाचन दोन्ही भाषांत करा. रोज इंग्रजी पुस्तकाचं एकच पान घ्या, अडलेले शब्द वहीत लिहा आणि त्या पानाचा सारांश मराठीत पाच वाक्यांत उतरवा. दोन सत्रं हे नेमाने केलंत तर तिसऱ्या सत्रात संदर्भग्रंथ उघडताना छाती धडधडत नाही. स्पोकन इंग्लिशच्या महागड्या क्लासला पैसे भरण्याआधी हे करून बघा.

ग्रंथालय, आणि ग्रंथालयाबाहेरचं पुणे

ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यातच घ्या. तिथे दोन गोष्टी विचारा. एक, बुक बँक आहे का? असेल तर अख्ख्या सत्रासाठी क्रमिक पुस्तकांचा संच मिळतो. दोन, एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथालय सेवेचं लॉगिन मिळेल का? महाविद्यालय सदस्य असेल तर सहा हजारांहून अधिक संशोधन नियतकालिकं आणि हजारो ई-पुस्तकं तुम्हाला मोबाइलवर मोफत वाचता येतात. ग्रंथपाल हे लॉगिन आनंदाने देतात, मागायला येणारेच थोडे असतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत आहे. नव्या विषयाची सुरुवात करायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पुण्यात शिकत असाल तर शहराचा फायदा उठवा. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि तिचं ग्रंथालय, डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचं काम, हे सगळं बसच्या अंतरावर आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला आत बसून वाचायचं असेल तर साधारणपणे प्राचार्यांच्या सहीचं पत्र, ओळखपत्र आणि नेमका विषय लागतो. पत्र मागितलं की कार्यालय देतं. मुंबईत असाल तर एशियाटिक सोसायटी आहे, आणि १८९८ साली सुरू झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे.

संशोधन पदवीलाच सुरू करता येतं

‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तिच्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा स्वतंत्र गट आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची पातळी वेगळी धरतात. आधी महाविद्यालय आणि विभाग, मग विद्यापीठ, मग राज्य असा तिचा प्रवास. विज्ञानाची मुलं प्रयोगाचे तक्ते घेऊन धडाक्यात उतरतात आणि आपली मुलं म्हणतात, “आमच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?” मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं, कारण त्यांच्याकडे अख्खं गाव असतं.

विषय असा शोधा की तो तुमच्याच आवाक्यात असेल, पुस्तकातून उचलता येणार नाही. आठवडी बाजारात भाव ठरवताना वापरले जाणारे शब्द. आजीच्या पिढीच्या जात्यावरच्या ओव्यांत येणारी नदी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींची शाळा कुठल्या इयत्तेत सुटते. गावातल्या ग्रामसभेला बायका येतात का, आणि आल्या तर बोलतात का.

मग पुढचं काम क्रमाने. प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यावर आधी कुणी काम केलंय का ते पाहा. बोलीचा विषय असेल तर डेक्कन कॉलेजचं मराठी बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन ऐकता येतं. पंधरा-वीस माणसांशी बोलायचं ठरवा, पन्नास नको. ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्या आणि नावं बदलून लिहा. प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच रात्री टिपणं काढा. नवीन रचनेत क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेतच, म्हणून तेच काम वाढवून आविष्कारला द्या. सादरीकरणात परीक्षक बहुधा विचारतात, “हीच माणसं का निवडली?” आणि “तुम्हाला अनपेक्षित काय सापडलं?” ही दोन उत्तरं तयार असली की निम्मी लढाई झाली.

एनएसएस, एनसीसी, रंगमंच

राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवी ५० टक्क्यांनी असेल, तर सैन्यदलाच्या एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षा न देता थेट मुलाखत मंडळापर्यंत जाता येतं. तीन वर्षांचा नेम लागतो, म्हणून नावनोंदणी पहिल्याच वर्षी करा. नाटकाची ओढ असेल तर पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा आहे, १९६३ पासूनची. अभिनय येत नसला तरी प्रकाश, नेपथ्य, प्रॉम्प्टिंग यांना माणसं लागतातच. एका वर्षी एकच गोष्ट धरा. तिन्हीकडे नाव घालणाऱ्या मुलाची हजेरी ७५ टक्क्यांखाली जाते आणि मग माझ्याही हातात काही राहत नाही.

अडचण आली तर कुणाकडे

आधी वर्गशिक्षक किंवा मेंटॉर, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य. तोंडी सांगून काम झालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तो शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नव्हता, असं कुणीही म्हणू शकतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी. तक्रार लिहायला कठीण जात असेल तर समितीने लिहायला मदत करायची असते, हे लक्षात असू द्या. या समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी फलकावर असतात. गरज नसतानाच त्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. अर्ज परीक्षेच्या फॉर्मसोबतच द्या.

आणि मनाचं. पहिल्या सत्रात घरची आठवण येऊन रडू येणं, झोप न लागणं, एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला, म्हणून घरी फोनच न करणं, हे मी खूप मुलांच्या बाबतीत पाहिलंय. यात कमीपणा काही नाही. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर भेटा. नसतील तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. ती सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याइतकं काही होत असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी तो क्रमांक लावा किंवा शेजारच्या खोलीचं दार वाजवा.

तिसऱ्या वर्षाचा विचार दुसऱ्या वर्षात

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करायचं, हे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत मनाशी ठरवायला घ्या. चौथ्या वर्षात ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीची श्रेणी लागते, आणि आपल्या महाविद्यालयात त्या विषयाची सोय असावी लागते. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर एम.ए. न करताही नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पीएच.डी. आणि संशोधनवृत्तीसाठी देता येते. ज्यांना संशोधनाकडे जायचंय त्यांच्यासाठी ही मोठी संधी आहे.

ज्यांना एमपीएससी करायचीय त्यांना माझी कळकळीची विनंती, वर्ग सोडून दिवसभर अभ्यासिकेत बसू नका. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे सलग आणि मुद्देसूद उत्तर लिहिण्याची सवय लागते. ती सवय बी.ए.च्या निबंधवजा उत्तरांतून फुकट लागते. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राचे तास मनापासून करा आणि दर आठवड्याला एक उत्तर लिहून शिक्षकांकडून तपासून घ्या. पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

महाराष्ट्राबाहेर एम.ए. करायचं असेल, दिल्लीत जेएनयूला किंवा हैदराबाद विद्यापीठात, तर सीयूईटी-पीजी ही एकच सामाईक परीक्षा आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही तिच्यातून प्रवेश होतात. तिचे अर्ज तुम्ही पाचव्या-सहाव्या सत्राच्या गडबडीत असताना निघतात, म्हणून पाचवं सत्र सुरू होतानाच मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. शिफारसपत्र लागणार असेल तर शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी सांगा, आणि सोबत तुमच्या प्रकल्पाची प्रत, गुणपत्रिका आणि तुम्ही कुठे कशासाठी अर्ज करताय याचा एक परिच्छेद द्या.